पिवळ्या हवेतली हाक

डॉक्टर हरेश्वर प्रधान त्या दिवशी घरून निघाले ते विहिरींत पावडर टाकायला. साल एकोणीसशे बत्तीस, पौषातले दिवस. धरमतरच्या खाडीकाठी काही गावांत पटकीची लागण आहे अशी बातमी पेणला आली होती, आणि पटकी आली की पहिलं काम विहिरींचं, हे डॉक्टरांना पाठ होतं. छकड्यात मागे ब्लीचिंग पावडरीचा पत्र्याचा डबा आणि एक लाकडी पेटी. पेटीत खळ आणि आयोडाईड लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या. पावडर पाण्यात पुरेशी भिनली की ओली पट्टी निळी होते. झाली नाही तर आणखी पावडर टाकायची. बैल हाकत होता दवाखान्याचा शिपाई भागोजी, आणि तो सकाळपासून आपल्या व्याह्याने विकलेल्या आटलेल्या म्हशीचं गाऱ्हाणं सांगत होता.

दिवेखार गावाचं वळण आलं तेव्हा भागोजी मध्येच थांबला. नाक वर करून म्हणाला, "साहेब, डबा उघडा राहिला वाटतं. वास सुटलाय."

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. डब्याचं झाकण घट्ट होतं. वास मात्र खरा होता, आणि तो पुढून, खाडीकडून येत होता. बैलांनी माना फिरवल्या आणि ते जागीच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

हा वास डॉक्टरांनी पूर्वी एकदाच इतका दाट घेतला होता. मोठ्या लढाईत ते फ्रान्सात जखमींच्या पथकावर होते. एका संध्याकाळी समोरच्या शेतावरून पिवळट हिरवी हवा जमिनीला चिकटून आली, आणि तिच्यातून तोंडावर ओले फेटे दाबलेले शिपाई धडपडत बाहेर आले. जे आले नाहीत ते सकाळी सापडले. तेव्हापासून डॉक्टरांना बंद खोलीत झोप लागत नसे. थंडीतही खिडकी सताड उघडी लागे. रात्री दोनदा-तीनदा उठून ते नुसते हवा हुंगत उभे राहत.

"भागोजी, खाली उतर. उपरणं भिजव आणि तोंडाला बांध."

समोरून माणसं येताना दिसली. पोरं कडेवर, बोचकी डोक्यावर, सगळी खोकत. पुढे गावचा पाटील काळूराम होता, आगरी, चांगला धिप्पाड माणूस. पण दम लागून तो अर्धं वाक्यही धड बोलू शकत नव्हता.

"डाक्टरसायेब... मचवा लागलाय गालात. कालधरनं. सकालपासून पिवला धूर..."

हळूहळू सगळं कळलं. मुंबईहून माल घेऊन आलेला एक मचवा आदल्या दिवशी ओहोटीला गावासमोरच्या खाजणात, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात, रुतला होता. आत क्लोरीन वायूचे लोखंडी बाटले भरलेले होते. खाडीच्या वरच्या अंगाला एका कारखान्यात कापड पांढरं करायला हा वायू लागतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. सकाळी समुद्राकडचा खारा वारा सुटला तशी पिवळी हवा बांध ओलांडून गावात शिरली. माणसं घाबरून पेणच्या रस्त्याला लागली होती, म्हणजे वारा जिकडे जात होता तिकडेच.

"पाटील, या रस्त्याने एकही माणूस जाता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "ही हवा जड असते. पाण्यासारखी सखल जागा धरते आणि वारा नेईल तिकडे जाते. तुम्ही तिच्यापुढे पळताय आणि ती तुमच्या पाठीवर आहे. आडवे निघा. ती उत्तरेची टेकडी कुणाची?"

"जाखमातेची."

"सगळ्यांना वर न्या. फडकी भिजवून तोंडावर धरा. कुणी खाली बसायचं नाही, पोरांना खांद्यावर घ्या."

पाटलाने मान डोलावली आणि हाळी दिली. माणसं वळली. डॉक्टरांनी भागोजीला छकडा घेऊन टेकडीमागच्या वाटेने परत पिटाळलं, पेणला जाऊन मुंबईला तार करायला. स्वतः एका काठीला ओल्या पट्ट्या बांधून ते बांधाच्या कडेने निघाले. धोका किती आणि कुठवर पसरलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दोनशे माणसांना नुसतं टेकडीवर बसवून भागणार नव्हतं. छातीच्या उंचीची पट्टी पांढरी राहिली. गुडघ्याजवळची बघता बघता निळी झाली. बांधाच्या उतारावरचं गवत चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं पडलं होतं. एक बगळा चिखलात चोच खुपसून पडला होता. दूर गाळात मचवा कलंडून उभा होता आणि त्याच्याभोवती ती हवा सावकाश हलत होती. मचव्यावर माणूस दिसत नव्हता.

टेकडीवर पोचेपर्यंत उन्हं कलली. डॉक्टरांनी पोरांचे डोळे उकळलेल्या पाण्याने धुतले. ज्यांच्या छातीत घरघर होती त्यांना आडवं होऊ दिलं नाही, झाडांना टेकवून बसवलं. मग सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, "आता नीट ऐका. खारा वारा थोड्या वेळाने पडेल. मग मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, सुटेल, ती ही हवा समुद्राकडे नेईल. पण दोन्ही वाऱ्यांच्या मध्ये जी वेळ असते ना, तिन्हीसांजेची, तेव्हा वारा नसतो. तेव्हा हवा गावात बसून राहील, आता आहे त्याहून दाट. त्या वेळात काहीही झालं तरी कुणी खाली जायचं नाही. गाय ओरडली तरी नाही."

डॉक्टरांनी पाटलाला बाजूला घेतलं. "मचव्यावरची माणसं कुठायत?"

उत्तर दिलं ते शेजारी बसलेल्या वेणूबाईने. म्हातारी होती, पण आवाज खणखणीत.

"काल सांजंला खाजनातून हाका आल्या, सायेब. नावानं. 'काळूराम... ए काळूराम...' मग माज्या हिरामणच्या नावानं. मग माज्या."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"आमी ओ दिली न्हाय." तिने पदर तोंडाशी धरला. "सांजंला खाजनातून नावानं हाक आली तर ओ देत न्हाईत. गिऱ्हा असतंय, पान्यातलं भूत. ओ दिली की माणूस त्याचा."

"अहो, मचव्यावरची माणसं मदत मागत असतील!"

"आमालाबी सकाली तसंच वाटलं," काळूराम हळूच म्हणाला. "मचव्याचा तांडेल धर्मा कोळी. तो मला नावानं वलखतो. पन सायेब... वेणूबाईचं नाव त्याला कसं ठावं?"

डॉक्टरांना राग आला होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी अस्वस्थ करत होतं. ते उठले, फेऱ्या घालू लागले, परत बसले.

तेवढ्यात वेणूबाईचा मुलगा हिरामण धावत आला. मिठागरात बांधबंदिस्तीला गेलेला तो, टेकडीवर सगळ्यांत शेवटी पोचला होता. "आये, मैना कुठं हाय?"

"तुज्याकडं न्हाय? भाकर घेऊन जाते बोलली मला."

"माज्याकडं आलीच न्हाय ती!"

मैना हिरामणची बायको. लग्नाला दोन पावसाळे झाले होते आणि तिला नुकतेच दिवस गेले होते. सगळ्या टेकडीवर तिचा शोध झाला. ती नव्हती. हिरामण उताराच्या टोकाशी जाऊन खाली पाहू लागला. घरांची फक्त छपरं वर दिसत होती. बाकी सगळं त्या पिवळ्या हवेत बुडालेलं. सूर्य खाडीपलीकडे टेकला होता.

आणि वारा पडला.

पानांची सळसळ बंद झाली. खोकणारी माणसंसुद्धा गप्प झाली. त्या शांततेत खालून, घरांच्या मधून, बाईचा आवाज आला.

"हिरामण... ए हिरामण..."

"मैना!" हिरामण ताठ झाला. "मैना हाय ती!"

डॉक्टरांनी त्याचा दंड धरला. "थांब. मी बघतो आधी."

"हिरामण... मी हितं हाय... घरात..."

वेणूबाई उठली होती. तिने मुलाचा दुसरा हात पकडला. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हिरामण... आयक माजं. ती तुजं नाव घेल का रं? नवऱ्याचं नाव घेतलंय का तिनं कदी?"

"जीव जातोय तिचा, आये! आता ती नाव बघत बसल?"

त्याने दोघांनाही झिडकारलं आणि उतारावरून धावत सुटला.

डॉक्टरांना नंतर पुष्कळदा वाटलं की त्या क्षणी आपण वरच थांबायला हवं होतं. त्यांनीच घातलेला नियम होता. पण त्यांच्या ताब्यातला एक माणूस त्या हवेत चालला होता, आणि आत एक पोटुशी बाई असेल तर? त्यांनी भिजलेलं उपरणं चौपदरी करून नाकातोंडावर आवळलं, काठी उचलली आणि ते त्याच्यामागे निघाले.

उताराच्या पायथ्याशी हवा गुडघ्यापर्यंत होती. पहिल्या घराजवळ कमरेपर्यंत. डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखी आग झाली. डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास वरच्या हवेतून घेतला, रोखला आणि गल्लीत शिरले. आवाज अजून येत होता, अगदी स्वच्छ.

"हिरामण... ये ना रं..."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हा आवाज खोकत नव्हता. या हवेत घसा जागच्या जागी आवळतो. माणूस एक शब्द बोलू शकत नाही, वाक्य तर दूरच. फ्रान्समध्ये त्या सकाळी जिवंत सापडलेल्यांपैकी कुणालाही स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आणि हा आवाज, विहिरीवर पाणी शेंदता शेंदता शेजारणीला हाक मारावी तसा.

हिरामण त्याच्या अंगणात पोचला होता. दार सताड उघडं. आत काळोख. तो उंबऱ्याशी उभा राहिला, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि ओरडला, "आलो गं!"

त्या एका ओरडण्यासाठी त्याने छाती भरून श्वास घेतला होता. दुसरा त्याला घेता आला नाही. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर.

आतला आवाज थांबला.

डॉक्टर त्याच्याजवळ पोचले. काखेत हात घातले. त्यांची स्वतःची छाती आता फुटायला आली होती. आणि उघड्या दारातून, अगदी जवळून, कुणीतरी हळूच म्हणालं, "हरू... आलास का रे?"

आवाज त्यांच्या आईचा होता, ते लढाईवर असताना पेणच्या घरी वारलेल्या आईचा. त्यांना हरू म्हणणारं तिच्याशिवाय जगात कुणी नव्हतं. तिच्या शेवटच्या दुखण्यात ती दारावरची प्रत्येक चाहूल ऐकून हेच विचारत होती, असं त्यांना नंतर बहिणीने सांगितलं होतं.

"हरू... बाळा, ओ दे ना..."

उपरण्याखाली त्यांचं तोंड उघडलं होतं. ओठांवर शब्द आला होता. ओ द्यायला आधी श्वास घ्यावा लागतो. हातातल्या काठीवरच्या सगळ्या पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, शाईत बुडवल्यासारख्या काळ्यानिळ्या झालेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी ओल्या कापडासकट दात घट्ट मिटले आणि हिरामणला ओढायला सुरुवात केली. दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी काळूराम पाटील भिजलेली घोंगडी पांघरून उभा होता. तो पुढे आला नसता तर दोघेही तिथेच राहिले असते.

वर आणून त्यांनी हिरामणला जांभळीच्या बुंध्याशी बसवलं. त्याच्या तोंडातून फेस येत होता. डॉक्टर स्वतः दोन्ही हात जमिनीवर टेकून खोकत होते. तेवढ्यात टेकडीच्या पलीकडच्या वाटेने कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर छोटंसं गाठोडं, हातात काठी.

मैना होती.

ती पलीकडच्या गावी बहिणीकडे, सत्यवतीकडे, गेली होती. डोहाळे लागले होते, बहिणीच्या हातचं आंबट खावंसं वाटलं होतं, आणि सासूला सांगायची लाज वाटली म्हणून भाकरीचं निमित्त करून निघाली होती. टेकडीवरचा जमाव बघून ती गोंधळली. हसायला जाणार, तोच खालून हाक आली.

"हिरामण... ए हिरामण... मी हितं हाय..."

तिचाच आवाज. सगळ्या गावाने ऐकला. मैनाने गाठोडं टाकलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, जणू आवाज आपल्यातूनच निघतोय की काय याची खात्री करावी. पण खाली हाका चालूच राहिल्या.

कुणी ओ दिली नाही. आयांनी पोरांची तोंडं पदराने बंद केली.

काळोख पडल्यावर मतलई सुटली. डॉक्टर म्हणाले होते तशीच ती पिवळी हवा हलली आणि खाडीकडे सरकू लागली. हाकाही तिच्याबरोबर गेल्या. आधी घरांतून, मग बांधावरून, मग खाजणातून, पुसट होत होत. दोनशेपैकी एक माणूस सोडून सगळं गाव वाचलं.

हिरामण पहाटेच्या आधी गेला. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. अशा छातीवर फारसं काही करता येत नाही. मैना त्याला टेकू देऊन बसली होती. एकदा त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि फुटक्या आवाजात विचारलं, "तू कवा आलीस?" मग गावाकडे बोट करून, "मंग ती कोन?"

तो पुन्हा बोलला नाही.

सकाळी पट्ट्या गावभर पांढऱ्या राहिल्या. डॉक्टर घराघरांत वाकून, कोपऱ्याकोपऱ्यांत काठी धरून फिरले. हिरामणच्या घरातही गेले. चूल, मडकी, कोनाड्यातला दिवा. दुसरं काही नव्हतं. त्यांनी दारंखिडक्या उघड्या ठेवायला, विहिरी उपसायला सांगितलं आणि गावाला खाली यायची परवानगी दिली. वेणूबाई आली नाही. ती मैनाला घेऊन वरच बसून राहिली.

भरतीच्या पाण्याबरोबर लाँच आली. तीत कारखान्याचा मुकादम रतनजी होता, आणि त्याच्याबरोबर मचव्याचा तांडेल, धर्मा कोळी. जिवंत, धडधाकट.

काळूराम पाटील त्याला बघून दोन पावलं मागे सरला. "तू... परवा सांजंला तू हाका मारल्यास ना रं आमाला?"

"मी? आमी तर परवा दुपारीच करंज्यापाशी मचवा सोडला. होडीत बसून किनाऱ्याला लागलो. मचवा वाहात आला, तो रिकामाच."

"सोडला? का?" डॉक्टरांनी विचारलं. "फुटला नव्हता, पाणी शिरलं नव्हतं."

धर्मा आवाज खाली आणून म्हणाला, "फळ्यांच्या खालनं कोनतरी आमाला हाका मारत व्हता, सायेब. एकेकाला. नावानं. खाली बाटल्यांबिगर काय नव्हतं. आमी कोन बोललो न्हाय. पन आमच्यातला एक... त्याला त्याच्या मेलेल्या भावाचा आवाज वाटला. त्यानं ओ दिली. फळी उचलून खाली गेला."

"आणि?"

"वर आला न्हाय. आमी होडी सोडली."

"त्याचं नाव काय?"

धर्माने मान हलवली. "हितं नको, सायेब. पान्याच्या कडेला नको."

रतनजी नाकाला रुमाल लावून मचव्यावर चढला होता. डॉक्टर त्याच्यामागे गेले, काठी पुढे धरून. पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. खालच्या फळ्या उचलल्या; माणूस नव्हता, प्रेत नव्हतं, कपड्याचा धागाही नव्हता. नुसते लोखंडी बाटले, ओळीने आडवे. रतनजी वाकून एकेकाची तोटी तपासत, लाखेचं सील चाचपत, अंगठ्याने ठोकून ऐकत पुढे गेला. शेवटाला पोचला आणि परत पहिल्यापासून आला. मग वर बघून वैतागून म्हणाला, "डॉक्टर, एकपण गळला नाय. सगळे सीलबंद, सगळे भरेला. तुमच्या गावात गॅस आला कुठून?"

डॉक्टरांच्या पायाशी बांधावरच्या गवतासारख्या पांढऱ्या पडलेल्या दोराचं वेटोळं होतं.

"अने दुसरी एक वात," रतनजी कपाळ पुसत म्हणाला. त्याने पुन्हा एकदा ओळीवरून बोट फिरवलं. "मी माझ्या हाताने गोदीत चढवले. एक जास्त आहे."

"जास्त?"

"एक बाटला जास्त. कोणता, ते नाय कळत. सगळे सारखेच."

मागोमाग वर येऊन काठाशी थांबलेल्या धर्माने ते ऐकलं. तो मचव्यावरून पाण्यात उतरला आणि कमरेइतक्या चिखलातून किनाऱ्याकडे चालत गेला. लाँचवर परत बसायला तो तयार झाला नाही. पाणी भरलं होतं, उशीर चालणार नव्हता. रतनजीच्या माणसांनी दोर बांधला, मचवा चिखलातून सुटला, आणि लाँच त्याला मागे ओढत, सगळ्या बाटल्यांसकट, मुंबईच्या दिशेने निघून गेली.